जगातील सशस्त्र संघर्षांचा नकाशा कसा काढावा: सीमाभागातील अभ्यासकांसाठी मार्गदर्शन

बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र असल्यामुळे शर्कत आणि केरेन ही दूरदेशीची नावे या भागातील कित्येक घरांत ओळखीची आहेत. ऑक्टोबर १९१८ मध्ये इराकातील शर्कत येथे ११४ मराठा पलटण तुर्की सैन्याशी लढली आणि १९४१ मध्ये एरिट्रियातील केरेनच्या डोंगरांत मराठा पलटणींनी इटालियन सैन्याशी झुंज दिली. याच शर्कतवर पुढे इस्लामिक स्टेटने कब्जा केला आणि सप्टेंबर २०१६ मध्ये इराकी फौजांनी ते परत घेतले. म्हणून या लेखात सरावासाठी २०१४ ते २०१७ या काळातील इराक घेतला आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी किंवा चिकोडी येथील महाविद्यालयीन विद्यार्थी, शिक्षक आणि निवृत्त सैनिक यांना साध्या संगणकावर, पैसे न मोजता, असा नकाशा तयार करता यावा, एवढाच येथे हेतू आहे.

काम तांत्रिकदृष्ट्या फारसे अवघड नाही. अवघड भाग वेगळा आहे. संघर्षाच्या नकाशावरील प्रत्येक ठिपक्यामागे एखादी बातमी किंवा अहवाल, तो वाचणारा नोंदकर्ता आणि त्याने घेतलेले काही निर्णय असतात. ते निर्णय आकड्यांच्या फाईलमध्येच लिहून ठेवलेले असतात, पण बहुतेक जण ते स्तंभ न उघडता थेट रंग भरायला बसतात. त्यामुळे पुढील विवेचनात रंगांपेक्षा स्तंभांना जास्त जागा दिली आहे.

आकडे कोठून घ्यावेत

स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाचा ‘उप्साला कॉन्फ्लिक्ट डेटा प्रोग्रॅम’, म्हणजेच यूसीडीपी, हा सुरुवात करण्यासाठी सर्वांत सोयीचा स्रोत आहे. त्याच्या ‘जिओरेफरन्स्ड इव्हेंट डेटासेट’मध्ये १९८९ पासूनच्या घटना अक्षांश-रेखांशांसह नोंदलेल्या आहेत आणि त्यांची संख्या तीन लाखांहून अधिक आहे. फाईल विनामूल्य उतरवता येते, नोंदणी लागत नाही आणि श्रेय दिल्यास ती वापरून काढलेला नकाशा प्रसिद्धही करता येतो. येथे घटना म्हणजे संघटित गटाने शस्त्रबळाचा केलेला असा वापर, ज्यात किमान एका माणसाचा मृत्यू झाला. घटनांचे तीन प्रकार केलेले असतात. पहिल्या प्रकारात निदान एक बाजू सरकारची असते, दुसऱ्यात दोन्ही बाजू बिगरसरकारी गटांच्या असतात आणि तिसऱ्यात सरकारने किंवा गटाने निःशस्त्र नागरिकांवर केलेली एकतर्फी हिंसा येते. इराकमधील मोसूल शहरासाठी सरकारी फौजा आणि इस्लामिक स्टेट यांच्यात झालेली लढाई पहिल्या प्रकारात बसते, तर ऑगस्ट २०१४ मध्ये सिंजार भागात यझिदी लोकांची झालेली कत्तल तिसऱ्या प्रकारात जाते. हे तिन्ही एकाच रंगात दाखवणे म्हणजे रणांगण आणि कत्तल यांतील फरक पुसून टाकणे होय.

दुसरा मोठा स्रोत ‘आर्म्ड कॉन्फ्लिक्ट लोकेशन अँड इव्हेंट डेटा’, म्हणजे ॲक्लेड. तो दर आठवड्याला अद्ययावत होतो आणि त्यात लढाया, स्फोट व नागरिकांवरील हल्ले यांच्याबरोबरच निदर्शने आणि दंगलीही असतात. म्हणजे कोणी न मरताही नोंद होऊ शकते. येथे नोंदणी करावी लागते आणि वापराच्या अटी आधी वाचाव्या लागतात. ॲक्लेड वापरताना एक गोष्ट विशेष जपावी. प्रत्येक प्रदेशाची नोंद वेगवेगळ्या वर्षी सुरू झालेली आहे: आफ्रिकेची १९९७ पासून, भारताची २०१६ पासून, सीरियाची २०१७ पासून, युक्रेनची २०१८ पासून. हे लक्षात न घेता साऱ्या जगाची वार्षिक बेरीज काढली, तर २०१५ नंतर हिंसाचाराचा स्फोट झाल्याचे दिसेल, आणि त्या चढाचा मोठा वाटा केवळ नवे देश यादीत आल्यामुळे असेल.

दोन्ही स्रोतांचे आकडे एकाच नकाशात मिसळू नयेत, कारण घटनेची व्याख्याच निराळी आहे. आजोबा-पणजोबांच्या काळातील युद्धे शोधणाऱ्यांना मात्र यांपैकी कोणताच स्रोत कामाचा नाही. १९१८ चे शर्कत यूसीडीपीच्या घटनांत सापडणार नाही. ‘कोरिलेट्स ऑफ वॉर’ या प्रकल्पात १८१६ पासूनची युद्धे आहेत, पण ती देश आणि युद्ध या पातळीवर, गावागणिक नव्हेत.

‘संघर्ष किती?’ हा प्रश्न विचारण्याआधी

यूसीडीपीच्या मोजणीनुसार २०२४ मध्ये सरकार हा एक पक्ष असलेले ६१ सशस्त्र संघर्ष चालू होते आणि १९४६ पासूनचा तो उच्चांक होता. हा आकडा वृत्तपत्रांत आला तेव्हा अनेकांनी त्याचा अर्थ ‘६१ युद्धे’ असा घेतला. प्रत्यक्षात वर्षभरात लढाईशी संबंधित २५ मृत्यू झाले की तो संघर्ष गणला जातो आणि युद्ध म्हणवण्यासाठी १,००० मृत्यूंची मर्यादा ओलांडावी लागते. २०२४ मध्ये ती ओलांडणारे संघर्ष ११ होते. देशागणिक रंग भरलेल्या जगाच्या नकाशात २६ मृत्यूंचा देश आणि हजारो मृत्यूंचा देश एकाच लाल रंगात रंगण्याची शक्यता असते, म्हणून असा नकाशा काढायचाच असेल तर निदान या दोन पायऱ्या वेगळ्या छटांनी दाखवाव्यात.

फाईलमधील स्तंभ

यूसीडीपीची फाईल सीएसव्ही स्वरूपात, म्हणजे स्वल्पविरामांनी स्तंभ वेगळे केलेली साधी मजकुराची फाईल म्हणून, उतरवावी. ती एक्सेलमध्ये उघडून पाहायला हरकत नाही, परंतु त्यातच जतन करू नये, कारण एक्सेल तारखांचे रूप आपल्या मर्जीने बदलते आणि अरबी किंवा फ्रेंच नावांतील अक्षरे बिघडण्याचीही शक्यता असते. मूळ फाईल वेगळ्या फोल्डरमध्ये जशीच्या तशी ठेवून तिच्या प्रतीवर काम करावे.

मृत्यूंचे तीन स्तंभ असतात: बेस्ट, लो आणि हाय. बेस्ट म्हणजे नोंदकर्त्याला सर्वाधिक विश्वासार्ह वाटलेला अंदाज, तर उरलेले दोन किमान आणि कमाल. नकाशासाठी सामान्यतः बेस्ट वापरतात आणि ते योग्यही आहे, पण एखाद्या शहराचा किमान आणि कमाल आकडा एकमेकांपासून फार दूर असेल तर नकाशाखालील टिपेत ते सांगितले पाहिजे. मोसूलसारख्या, महिनोन्महिने घराघरांतून लढल्या गेलेल्या शहरात हे अंतर मोठे असणे स्वाभाविक आहे.

सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित स्तंभ आहे तो स्थळाच्या अचूकतेचा, ‘व्हेअर प्रेसिजन’ नावाचा. त्यात १ ते ७ असे अंक असतात. १ म्हणजे नेमके ठिकाण माहीत आहे. २ म्हणजे एखाद्या ज्ञात ठिकाणाच्या सुमारे २५ किलोमीटर परिघात. ३ म्हणजे केवळ जिल्हा माहीत आहे. ४ म्हणजे केवळ प्रांत. ५ म्हणजे नदी, रस्ता, सीमापट्टा असे लांबट किंवा अस्पष्ट क्षेत्र. ६ म्हणजे केवळ देश. आणि ७ म्हणजे आंतरराष्ट्रीय समुद्र किंवा आकाश. ठिकाण अस्पष्ट असले तरी फाईलमध्ये अक्षांश-रेखांश मात्र भरलेलेच असतात, कारण त्या जिल्ह्यासाठी, प्रांतासाठी किंवा देशासाठी एक प्रातिनिधिक बिंदू ठरवून दिलेला असतो.

याचा परिणाम समजण्यासाठी आपलाच जिल्हा डोळ्यांसमोर आणावा. बेळगाव जिल्ह्याचे क्षेत्रफळ सुमारे १३,४०० चौरस किलोमीटर आहे. एका टोकाला खानापूरचे जंगल, दुसऱ्या टोकाला अथणीचा कोरडवाहू मुलूख. एखाद्या घटनेविषयी ‘बेळगाव जिल्हा’ एवढेच कळले, तर तिचा ठिपका जिल्ह्याच्या मध्यावर कोठेतरी, गोकाकच्या आसपास पडेल. अशा दहा घटना असतील तर दहाही ठिपके त्याच जागी एकावर एक बसतील आणि नकाशा पाहणाऱ्याला वाटेल की गोकाकमध्ये भयंकर काही घडले. इराकच्या फाईलमध्ये निनेवे किंवा अनबार प्रांतापुरतीच माहिती असलेल्या घटनांचे असेच होते. वाळवंटात, जेथे वस्तीच नाही, तेथे एक प्रचंड वर्तुळ उमटते.

त्यामुळे नियम असा ठेवावा की ठिपक्यांच्या नकाशात फक्त १ आणि २ अचूकतेच्या घटना घ्याव्यात. ३ आणि ४ च्या घटना जिल्ह्याच्या किंवा प्रांताच्या बेरजेत धरून छटांनी दाखवाव्यात. आणि केवळ देश माहीत असलेल्या घटनांची बेरीज नकाशाबाहेर एका चौकटीत द्यावी. वगळलेल्या घटनांत किती मृत्यू आहेत हे त्याच चौकटीत लिहिले नाही, तर वगळणे म्हणजे लपवणे होते. तारखेच्या अचूकतेसाठीही असाच वेगळा स्तंभ असतो. ‘मार्च महिन्यात केव्हातरी’ अशा नोंदीला आरंभाची आणि अखेरची अशा दोन तारखा असतात, हे महिनावार आलेख काढताना आठवावे.

क्यूजीआयएसमधील प्रत्यक्ष काम

क्यूजीआयएस हे नकाशे काढण्याचे मुक्त सॉफ्टवेअर विंडोज आणि लिनक्स या दोन्हींवर चालते. नवा प्रकल्प उघडून प्रथम देशांच्या सीमांचा थर (लेयर) आणावा. ‘नॅचरल अर्थ’ या संकेतस्थळावरून तो तीन प्रमाणांत मिळतो, पैकी एका देशाच्या नकाशासाठी एकास एक कोटीचा थर पुरेसा तपशीलवार आहे. नंतर लेयर मेनूतील ‘ॲड डिलिमिटेड टेक्स्ट लेयर’ निवडून सीएसव्ही फाईल द्यावी, एक्सच्या जागी रेखांशाचा आणि वायच्या जागी अक्षांशाचा स्तंभ निवडावा आणि निर्देशांक पद्धती ईपीएसजी ४३२६ (साध्या अक्षांश-रेखांशांची) ठेवावी. नवशिक्यांकडून अक्षांश आणि रेखांश यांची अदलाबदल हटकून होते. ती ओळखणे मात्र सोपे आहे. बेळगावचे अक्षांश सुमारे १५.८५ आणि रेखांश ७४.५, हे उलटे भरले तर बेळगाव नॉर्वे आणि स्वालबार यांच्यामधील थंडगार समुद्रात जाऊन पडते. त्याचप्रमाणे पश्चिम आफ्रिकेजवळच्या समुद्रात, शून्य अंशावर, एकाकी ठिपका दिसला तर ती नोंद रिकामी आहे असे समजावे.

थरावर उजवे बटण दाबून ‘फिल्टर’मध्ये देश इराक, वर्ष २०१४ ते २०१७ आणि स्थळाची अचूकता २ किंवा त्याहून कमी, अशा अटी घालाव्यात. येथे देशानुसार गाळायचे की संघर्षानुसार, याचा विचार आधी करावा. देशानुसार गाळले तर सीमेपलीकडे सीरियात त्याच इस्लामिक स्टेटशी झालेल्या लढाया निसटतात. संघर्षानुसार गाळले तर इराकमधीलच इतर गटांची हिंसा निसटते. दोन्ही नकाशे खरेच असतात, पण त्यांची शीर्षके वेगळी असायला हवीत.

यानंतर प्रक्षेपण, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवण्याची पद्धत. संकेतस्थळांवरील बहुतेक नकाशे मर्केटर पद्धतीचे असतात आणि त्यात उत्तरेकडील प्रदेश फुगतात. कीव्हच्या अक्षांशावर क्षेत्रफळ सुमारे अडीच पट मोठे दिसते, तर इथिओपिया जवळपास आहे तेवढाच राहतो. जगाच्या नकाशासाठी २०१८ मध्ये तयार झालेले ‘इक्वल अर्थ’ हे समक्षेत्र (क्षेत्रफळे खऱ्या प्रमाणात दाखवणारे) प्रक्षेपण निवडावे. त्याचा क्रमांक ईपीएसजी ८८५७ आहे. एकट्या इराकसाठी यूटीएम या प्रक्षेपणाचा ३८ उत्तर हा पट्टा बऱ्यापैकी चालतो.

वर्तुळे, छटा आणि हीटमॅप

मृत्यूसंख्येप्रमाणे वर्तुळ लहानमोठे करायचे असेल तर संख्येच्या प्रमाणात क्षेत्रफळ वाढले पाहिजे, त्रिज्या नव्हे. त्रिज्या चौपट केली की क्षेत्रफळ सोळा पट होते आणि ४०० मृत्यूंची घटना १०० मृत्यूंच्या घटनेपेक्षा सोळा पट भयानक भासते. थराच्या सिम्बॉलॉजीत (चिन्हांच्या मांडणीत) आकाराशेजारील बटणातून ‘असिस्टंट’ उघडावा, बेस्ट स्तंभ निवडावा आणि मोजमापाची पद्धत ‘सरफेस’ ठेवावी. मोठी वर्तुळे लहानांना झाकू नयेत म्हणून चित्रण-क्रमाच्या पर्यायात बेस्टनुसार उतरता क्रम लावावा, म्हणजे मोठी खाली आणि लहान वर राहतील. रंग अर्धपारदर्शक असावा. ज्वाळा, कवट्या आणि बंदुकीची चिन्हे वापरण्याचा मोह टाळावा. प्रत्येक चिन्हामागे माणसे मेली आहेत आणि त्यांच्यासाठी साधे वर्तुळच अधिक सभ्य आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

हीटमॅप, म्हणजे ठिपक्यांची दाटी रंगांच्या तीव्रतेने दाखवणारा नकाशा, दिसायला आकर्षक असतो, परंतु संघर्षाच्या आकड्यांसाठी मी त्याची शिफारस करत नाही. ३ ते ६ अचूकतेच्या नोंदी त्यात राहिल्या तर प्रातिनिधिक बिंदूभोवती खोटे तप्त केंद्र तयार होते, आणि त्या काढून टाकल्या तरी त्रिज्या किती घ्यावी हा निर्णय मनमानीच राहतो.

चौरस जाळीचा पर्याय त्याहून प्रामाणिक आहे. ऑस्लो येथील शांतता संशोधन संस्थेने बनवलेल्या ‘प्रियो-ग्रिड’मध्ये अर्ध्या अंशाचे चौकोन आहेत, विषुववृत्ताजवळ प्रत्येक बाजू सुमारे ५५ किलोमीटर, आणि यूसीडीपीच्या प्रत्येक नोंदीत त्या चौकोनाचा क्रमांक दिलेला असल्यामुळे बेरीज करणे सोपे जाते. जाळीचीही एक मर्यादा आहे. रेखांश ७४.५ ची उभी रेषा बेळगाव शहराला जवळपास मधोमध चिरते. म्हणजे जाळीच्या हिशेबात शहराची पश्चिम बाजू एका चौकोनात आणि पूर्व बाजू शेजारच्या चौकोनात मोजली जाईल. मोसूल असो वा अलेप्पो, एखादे शहर असे विभागले गेले आहे का, हे निष्कर्ष लिहिण्याआधी तपासावे.

प्रांतांना छटा देताना मृत्यूंची नुसती बेरीज न घेता दर लाख लोकसंख्येमागील प्रमाण घ्यावे, अन्यथा दाट वस्तीचा प्रांत नेहमीच गडद दिसेल. बेरीज करण्यासाठी प्रोसेसिंग टूलबॉक्समधील ‘जॉइन ॲट्रिब्यूट्स बाय लोकेशन (समरी)’ हे साधन उपयोगी पडते.

काळाचा प्रवास दाखवण्यासाठी टेम्पोरल कंट्रोलर आहे आणि त्यातून चलचित्रही करता येते. तरीही महाविद्यालयाच्या प्रदर्शनासाठी किंवा दिवाळी अंकासाठी चार वर्षांचे चार छोटे नकाशे, एकाच मापाचे आणि एकाच सूचीचे (चिन्हांचा अर्थ सांगणाऱ्या चौकटीचे), शेजारी शेजारी मांडणे चांगले. जून २०१४ मध्ये मोसूल पडले आणि जुलै २०१७ मध्ये ते परत घेतल्याची घोषणा झाली. या दोन टोकांमधील सरकती आघाडी स्थिर चित्रांत डोळ्यांना अधिक नीट ताडून पाहता येते. अंक कृष्णधवल छापला जाणार असेल तर तीन प्रकारच्या हिंसेसाठी रंगांऐवजी वर्तुळ, त्रिकोण आणि चौकोन वापरावेत.

जेथे ठिपके नाहीत

नोव्हेंबर २०२० मध्ये इथिओपियाच्या तिग्राय प्रांतात युद्ध सुरू झाले आणि दीर्घ काळ तेथील दूरध्वनी व इंटरनेट बंद राहिले. नोव्हेंबर २०२२ मध्ये प्रिटोरिया येथे करार होईपर्यंत तेथे झालेल्या मृत्यूंमुळे, युक्रेनच्या युद्धासह, २०२२ हे वर्ष रवांडाच्या १९९४ मधील वंशसंहारानंतरचे सर्वाधिक संहारक वर्ष ठरले. तरीही दोन्ही युद्धांचे ठिपके शेजारी ठेवले तर चित्र फसवे दिसते. युक्रेनमधील घटना गावागणिक आणि दिवसागणिक नोंदल्या जात होत्या. तिग्रायमधून बातमीदारच बाहेर बोलू शकत नव्हते, त्यामुळे तेथील मृत्यू मोठ्या, ढोबळ नोंदींत एकवटलेले आहेत. अशा वेळी घटनांची संख्या न दाखवता मृत्यूसंख्या दाखवावी, आणि संपर्क बंद असलेला प्रदेश तिरप्या रेघांनी भरून सूचीत तसे लिहावे. सपाट पांढरा रंग वाचकाला शांतता सांगतो.

सीमारेषा, नावे आणि कायदा

सीमाभागात वाढलेल्या माणसाला रेषेचे वजन वेगळे सांगावे लागत नाही. तथापि आकड्यांच्या फाईलमध्ये १९५६ ची राज्यपुनर्रचना किंवा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला दावा यांना जागा नसते. प्रांताच्या स्तंभात आजची प्रशासकीय स्थितीच येते, आणि नकाशाकाराने तीच ठेवून मतभेद असल्यास ते टिपेत मांडावेत. पश्चिम सहारा, क्रिमिया, गोलान टेकड्या यांच्याबाबतही हीच शिस्त पाळावी: कोणत्या स्रोताची सीमा वापरली ते लिहावे आणि वादग्रस्त रेषा तुटक काढावी.

भारताच्या बाह्य सीमेबाबत मात्र पर्याय नाही. सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाशी न जुळणारा भारताचा नकाशा प्रसिद्ध करणे हा १९६१ च्या फौजदारी कायदा सुधारणा अधिनियमाखाली गुन्हा असून त्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. नॅचरल अर्थचा नेहमीचा थर प्रत्यक्ष ताब्याप्रमाणे रेषा काढतो आणि जम्मू-काश्मीर तुकड्यांत दाखवतो. त्याच संकेतस्थळावर भारताच्या भूमिकेनुसार केलेला वेगळा थर मिळतो. तो घ्यावा आणि छापण्यापूर्वी सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाशी पडताळून पाहावा.

स्थळनामे रोमन लिपीत येतात आणि त्यांचे स्पेलिंग एकसारखे नसते. शर्कतच तीन-चार प्रकारे लिहिलेले आढळेल. म्हणून शोध नावाने न घेता अक्षांश-रेखांशाने घ्यावा. मराठी नावांसाठी दोन स्तंभांची वेगळी सीएसव्ही करून ती मूळ थराला जोडावी आणि लेबलसाठी नोटो सान्स देवनागरीसारखा युनिकोड फाँट निवडावा. प्रदर्शन बेळगावात असेल तर शीर्षक मराठीबरोबर कन्नडमध्येही द्यावे लागेल. तेव्हा वरची पट्टी सुरुवातीपासूनच दोन ओळींची ठेवावी.

सैनिकी घरांसाठी एक सूचना. घरच्या माणसाची सध्याची पोस्टिंग, पलटणीचा मुक्काम, फोनवर कळलेली चकमक यांपैकी काहीही नकाशावर भर म्हणून टाकू नये. प्रसिद्ध झालेल्या आकड्यांपुरतेच राहावे.

छापण्यापूर्वी

नकाशाच्या तळाशी एक छोटी पण पूर्ण टीप असावी. तीत स्रोताचे नाव, आवृत्तीचा क्रमांक, फाईल उतरवल्याची तारीख, समाविष्ट हिंसाप्रकार, अचूकतेची अट, त्या अटीमुळे वगळलेल्या मृत्यूंची संख्या आणि सीमांचा स्रोत एवढे आले पाहिजे. यूसीडीपी दरवर्षी नवी आवृत्ती काढते आणि तीत जुन्या वर्षांचे आकडेही सुधारलेले असतात. त्यामुळे गेल्या वर्षीच्या फाईलला नव्या वर्षाच्या ओळी खाली जोडून चालत नाही. नवी फाईल संपूर्ण उतरवून, क्यूजीआयएस प्रकल्पात थराचा स्रोत बदलून, सारे फिल्टर पुन्हा तपासून मगच नकाशा नव्याने काढावा. जुन्या आवृत्तीची फाईल मात्र पुसू नये, कारण आधी छापलेल्या नकाशातील एखाद्या आकड्याविषयी कोणी विचारले तर तो त्याच फाईलमधून दाखवता येतो.